समाजमंदिराची किल्ली

ताई, सप्रेम नमस्कार.

नाशिकजवळच्या एका कॉलनीत आम्ही राहतो. कॉलनीच्या टोकाला महापालिकेच्या निधीतून बांधलेलं समाजमंदिर आहे. ते चालवायला आमच्या नागरिक मंडळाकडे दिलंय. बाहेर पाटी आहे, 'सर्वांसाठी खुले'. दिवाळीनंतर मी मंडळाची चिटणीस झाले, जुनी नोंदवही चाळली, तर वर्षभर तीच दहा-बारा आडनावं. नाल्यापलीकडच्या वस्तीतलं एकही नाव नाही. मागच्या महिन्यात आमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या मावशींनी लेकीच्या डोहाळजेवणासाठी हॉल विचारला. किल्ली ज्यांच्याकडे असते त्या काकांनी 'त्या दिवशी बुकिंग आहे' असं सांगितलं. त्या संध्याकाळी मी तिथून गेले तर हॉलला कुलूप, आत अंधार. मावशींनी गल्लीतच ताडपत्री बांधून कार्यक्रम उरकला. काका वाईट नाहीत हो. हॉल उभा राहताना त्यांनी स्वतः विटा वाहिल्यात. पण 'एकदा सुरू झालं की आवरणार नाही', 'मटणाचे वास येतील', 'डीजे लावतील' हे त्यांचं म्हणणं आणि समितीतल्या निम्म्या लोकांचंही. मला हा हॉल खरंच सगळ्यांचा झालेला बघायचाय, आणि तोही भांडण न होता. 'मन मोठं ठेवा' एवढंच सांगू नका. नेमकं काय करू ते सांगा.

– एक चिटणीस

*

प्रिय चिटणीसबाई,

तुमच्या पत्रातली ताडपत्री काही केल्या डोळ्यांसमोरून हलत नाही. सातव्या महिन्यातली मुलगी, हिरवी साडी, फुलांच्या वाड्या, आणि वर बांधलेली ताडपत्री. शंभर पावलांवर पंखे असलेला रिकामा हॉल. म्हणून बाकी सगळ्याच्या आधी एक काम सांगते. ते या आठवड्यात करा, समितीची बैठक होण्याची वाट बघू नका.

मावशींच्या घरी जा. त्या तुमच्याकडे कामाला येतात तेव्हा स्वयंपाकघरात उभ्या उभ्या हा विषय काढू नका, कारण तिथे त्या तुमच्याकडे कामाला आहेत आणि 'असू द्या वैनी' म्हणण्यावाचून त्यांच्याकडे दुसरं उत्तर नाही. त्यांच्या घरी जाऊन बसा, चहा घ्या आणि सरळ सांगा, की त्या दिवशी हॉल रिकामा होता, तुम्हाला खोटं सांगितलं गेलं, चूक मंडळाची आहे आणि मंडळाची चिटणीस म्हणून मी माफी मागायला आले आहे. काकांचं नाव घेऊ नका, कारणं देऊ नका. 'पुढच्या वेळी नक्की' असंही लगेच म्हणू नका. त्यांना रागवायचं असेल तर रागवू द्या. तो राग त्यांच्या हक्काचा आहे. आणि कृपा करून त्यांना पुढच्या कार्यक्रमात व्यासपीठावर बसवून नारळ देऊ नका. त्यांनी हॉल मागितला होता, सत्कार मागितला नव्हता.

आता हॉलकडे वळू.

मी अकरा वर्षं एका वाचनालयाच्या वरचा हॉल सांभाळला. पावत्या फाडल्या, सतरंज्या मोजल्या, रात्री साडेअकराला दिवे बंद केले. त्या अनुभवावरून सांगते, हॉलमध्ये कोणाला तोंडावर 'तुम्ही नको' असं कधीच सांगितलं जात नाही. 'त्या तारखेला बुकिंग आहे', 'अध्यक्षांना विचारावं लागेल', 'अर्ज आणा', 'अनामत जरा जास्त आहे, बघा जमतंय का' असं सांगितलं जातं. ऐकणाऱ्याला पहिल्या वाक्यातच कळतं. तो माणूस दुसऱ्यांदा विचारत नाही, आणि मग समितीत कोणीतरी मनापासून म्हणतं, 'आपण कुठे कोणाला अडवलंय? ते येतच नाहीत.' तुमच्या नोंदवहीत नाल्यापलीकडचं एकही नाव नाही ते यामुळे.

पाटी लावून हे बदलत नाही, आणि नुसता ठराव करूनही बदलत नाही. याचा सगळ्यात मोठा दाखला आपल्याच राज्यात आहे. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुल्या कराव्यात असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात 1923 साली मंजूर झाला. महाड नगरपालिकेनं पुढच्या वर्षी त्याला धरून आपलं तळं खुलं केल्याचा ठरावही केला. कागदावर चवदार तळं सगळ्यांचं झालं होतं. तरी पाण्यापर्यंत कोणाला जाता येत नव्हतं. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांना घेऊन तिथे गेले, ओंजळीनं पाणी प्यायले, तेव्हा तो ठराव पहिल्यांदा अमलात आला. त्यानंतर परतणाऱ्या लोकांना मारहाण झाली आणि हक्काची लढाई पुढे कित्येक वर्षं कोर्टात चालली. तुमचा हॉल म्हणजे चवदार तळं नव्हे, हे मला कळतं. पण खुलं केल्याचा कागद आणि खुलं असणं यांच्यात कोण उभं असतं, हे समजून घ्यायला महाडइतकं स्पष्ट उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

तुमच्या हॉलच्या बाबतीत मध्ये उभी आहे एक किल्ली आणि एक वही. दोन्ही काकांच्या कपाटात.

वहीपासून सुरुवात करा, कारण वहीला कोणाचा राग येत नाही. जाड पुठ्ठ्याची मोठी नोंदवही आणा, वर्षभराच्या तारखा आधीच आखून घ्या, रोजचे तीन भाग करा: सकाळ, दुपार, संध्याकाळ. ती वही घरात ठेवायची नाही. ठरलेल्या दोन संध्याकाळी तासभर ती हॉलच्या व्हरांड्यात टेबलावर उघडी ठेवायची, म्हणजे येणाऱ्याला स्वतःच्या डोळ्यांनी रिकामा चौकोन दिसेल. नाव त्यानं स्वतः लिहायचं, लिहिता येत नसेल तर त्याच्यासमोर दुसऱ्यानं लिहायचं, आणि लगेच पावती. जो आधी आला त्याची तारीख. दर महिन्याच्या पानाचा फोटो काढून हॉलच्या दाराशी चिकटवा. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाका हवं तर, पण वस्तीतले किती जण तुमच्या ग्रुपमध्ये आहेत ते आधी बघा. एवढं केलंत की 'बुकिंग आहे' हे वाक्य खोटं बोलायला वापरता येत नाही.

त्याच दारावर दरपत्रक लावा. दर कार्यक्रमाच्या प्रकारावर ठरवा, माणसावर नाही. घरगुती समारंभाला एक दर, अभ्यासिका, बचत गटाची बैठक, लसीकरण, शोकसभा यांना अगदी नाममात्र किंवा काहीच नाही. महापालिकेशी झालेला करारनामा आधी शोधून काढा. दर काय घ्यायचे, हॉल कोणाला द्यायचा, हे पुष्कळदा त्यातच लिहिलेलं असतं आणि कोणी वाचलेलं नसतं.

अनामत रकमेवर मी जरा रेंगाळणार आहे. आमच्याकडे पद्धत अशी होती, की कार्यक्रम झाल्यावर आठ दिवसांत पाहणी करून अनामत परत. आम्हाला ते शिस्तीचं वाटायचं. एकदा एका गवंडीकाम करणाऱ्या कुटुंबाच्या मुलीचं लग्न झालं. रात्री अकरा वाजता मी कुलूप लावायला आले तर नवरीची आई एकटीच झाडत होती. हॉल झाडून झाला होता, जिना झाला होता, आता ती रस्ता झाडत होती, मोबाइलचा उजेड पाडून. लग्नातली नवी साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली. मला बघून तिनं झाडू बाजूला ठेवला आणि विचारलं, 'ताई, काही राहिलं नाही ना? अनामत मिळंल ना?' ते पैसे तिनं कोणाकडून तरी घेतले होते आणि सकाळी परत करायचे होते. मी पाहणीच्या नियमाचं बोलायला तोंड उघडलं आणि मला पुढचं बोलताच येईना. आम्ही जिला शिस्त म्हणत होतो ती फक्त त्यांनाच लागत होती, ज्यांच्याकडे आठ दिवस थांबण्याइतके पैसे नव्हते. दुसऱ्या बैठकीत नियम बदलला. अनामत कमी केली, आणि त्याच रात्री, दिवे बंद करताना, दोघांनी मिळून पाहणी करायची आणि पैसे हातात द्यायचे असं ठरवलं. खुर्च्या मोजल्या, मोरी बघितली, संपलं. त्यानंतर हॉल जास्त खराब झाला असं मला तरी कधी दिसलं नाही.

आता काका.

त्यांना हरवायचं ठरवलंत तर तुम्ही बैठक जिंकाल आणि हॉल गमवाल. ज्या माणसानं विटा वाहिल्यात त्याला ती वास्तू स्वतःच्या घरासारखी वाटते. त्या प्रेमातूनच ते कुलूप आलंय. समितीसमोर त्यांचं खोटं उघडं पाडू नका, पण एकट्यात नक्की बोला. ही गोष्ट गिळून टाकण्यासारखी नाही. 'काका, त्या दिवशी हॉल रिकामा होता, मी बघितलं. मावशींकडे जाऊन मी माफी मागून आले.' इतकंच. मग गप्प राहा. ते काय बोलतात ते ऐका. माझा अंदाज आहे की ते माणसांबद्दल कमी आणि नासधुशीबद्दल जास्त बोलतील. त्यातली खरी भीती वेगळी काढा: तुंबलेली मोरी, फुटलेली ट्यूब, रात्रीचा दंगा, गेटसमोर लावलेल्या गाड्या. या सगळ्यांवर नियम करता येतात, आणि ते नियम काकांकडूनच लिहून घ्या. हॉलची कुठली फरशी कच्ची आहे, कुठल्या बटणाला धक्का बसतो, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार? फक्त एक अट घाला, की प्रत्येक नियम सगळ्यांना सारखाच. त्यांच्या नातवाच्या मुंजीलाही.

किल्ल्या मात्र दोन करा. दुसरी वस्तीतल्या कोणाकडे तरी द्या, आणि मंडळात वस्तीतले किमान दोन जण घ्या, त्यातली एक बाई. पाहुणे म्हणून बोलावलेल्या माणसाला जायची वेळ कळते, किल्ली असलेल्या माणसाला हॉल आपला वाटतो. हे काकांच्या बाबतीत खरं आहे, तसंच ते नाल्यापलीकडेही खरं ठरेल.

मटणाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. सार्वजनिक पैशातून उभ्या राहिलेल्या हॉलमध्ये 'फक्त शाकाहारी' असा नियम करू नका. तो नियम जेवणाबद्दल आहे असं दिसतं, पण कोणी आत यायचं आणि कोणी नाही ते तोच ठरवतो. बारशाला, हळदीला मटण-भाकरी हा कित्येक घरांचा मान आहे. नियम करायचा तो स्वच्छतेचा करा: स्वयंपाक मागच्या शेडमध्ये, भांडी धुण्याआधी खरकटं काढायचं, तेलकट पाणी मोरीत ओतायचं नाही, ओला आणि सुका कचरा वेगळा करून सकाळच्या घंटागाडीला द्यायचा. तोच नियम श्रीखंड-पुरीच्या पंगतीलाही. तुपानं मोरी तुंबते तीही तशीच तुंबते. मंडळाची पूजेची भांडी, गणपतीचा चौरंग वगैरे वेगळ्या कपाटात ठेवा, म्हणजे ज्यांना त्याची रुखरुख वाटते त्यांचीही सोय होते. हॉलमध्ये गणपती बसतो त्या दिवसांत मांसाहार नको, एवढं आपण होऊन सगळे पाळतात. ते सांगावंही लागत नाही.

डीजेचं उत्तर कायद्यातच आहे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही, आणि रहिवासी भागातली मर्यादा दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. बंद सभागृहाच्या आत थोडी सूट आहे, पण पत्र्याच्या छपरातून आवाज बाहेर येतोच. म्हणून तुमच्या हॉलपुरता साधा नियम ठेवा: दहाला आवाज बंद, साडेअकराला दिवे बंद. डीजेची भिंत आवारात आणायची नाही, मग वरात कोणाचीही असो.

हॉलला किती पायऱ्या आहेत, हे तुम्ही लिहिलं नाहीत. बहुतेक कोणी लिहीत नाही, ज्याला चढता येतं त्याला पायरी दिसत नाही. आमचा हॉल पहिल्या मजल्यावर होता. व्हीलचेअर वापरणारे एक निवृत्त शिक्षक एका व्याख्यानाला आले, तेव्हा आम्ही चौघांनी त्यांना खुर्चीसकट उचलून वर नेलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि आम्हाला फार बरं वाटलं. ते पुन्हा आले नाहीत. काही महिन्यांनी रस्त्यात भेटले तेव्हा मी कारण विचारलं. म्हणाले, 'त्या दिवशी मी सकाळपासून पाणी प्यायलो नव्हतो. मध्येच लघवीला जायचं झालं तर परत चार माणसं कुठून गोळा करणार?' मला आजही ते वाक्य आठवलं की मान खाली जाते. पुढचे सगळे कार्यक्रम आम्ही खालच्या वाचनकक्षात टेबलं सरकवून घेतले. गर्दी व्हायची, पण चालायचं.

तुमचा हॉल तळमजल्यावर असेल तर काम सोपं आहे. उताराचं प्रमाण 1:12 ठेवायचं, म्हणजे सहा इंच उंचीला सहा फूट लांब रॅम्प. गवंडी जागा वाचवायला तो तीन फुटांत उरकतो, आणि मग त्यावरून मोकळी व्हीलचेअरसुद्धा ढकलवत नाही. टेप घेऊन समोर उभ्या राहा. कडेला धरायला कठडा हवा, दार 90 सेंटिमीटर तरी मोकळं हवं. शौचालयात एक तरी कमोड बसवा, शेजारी भिंतीला पक्का दांडा, आणि आत उजेड. रॅम्पला खर्च येतो असं समितीत कोणी म्हणेल. त्यांना आठवण करून द्या, की सकाळी योगासनांना येणारे ज्येष्ठ नागरिक, कडेवर मूल घेतलेली बाई, खांद्यावर पातेलं घेतलेला आचारी, सगळे त्याच पायरीवरून येतात. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 सालापासून आहे, तेव्हा महापालिकेकडे या कामासाठी अर्ज करायला अजिबात संकोच नको.

शौचालयाचं अजून एक. बायकांच्या शौचालयाची कडी आजच जाऊन तपासा. पाणी, कडी, दिवा आणि झाकणाचा डबा. कुठल्याही हॉलमध्ये बायका पुन्हा येणार की नाही हे व्यासपीठावर ठरत नाही, इथे ठरतं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाचंही बघा. ज्यांचे नवरे नाहीत त्या बायका त्या दिवशी घरात बसतात, आणि मग उरलेलं वर्षही त्यांना हॉल आपला वाटत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला आणि राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. तुमच्याकडे 'सगळ्या महिलांचा तिळगूळ' असं साधं आमंत्रण पुरेल. मात्र तुम्ही स्वतः दारोदार जाऊन त्या बायकांना बोलवायला हवं. चिठ्ठीवर त्यांचा विश्वास बसणार नाही, आणि तो का बसणार नाही हे तुम्हाला आता सांगायला नको.

एवढं करूनही समितीत कोणी अडून बसलं, तर कायदा तुमच्या पाठीशी आहे. सरकारी पैशातून चालणाऱ्या सार्वजनिक जागांच्या वापरात धर्म, जात, लिंग, जन्मस्थान यावरून कोणालाही अडवता येत नाही, हे राज्यघटनेच्या कलम 15 मध्येच लिहिलंय. अस्पृश्यतेवरून अडवलं तर नागरी हक्क संरक्षण कायदा, 1955 नुसार तो गुन्हा आहे. बैठकीच्या पहिल्याच वाक्यात हे काढू नका. पण इतिवृत्ताच्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या चिटणिसाला शोधावं लागणार नाही.

भांडण न होता हे सगळं होईल का, असं तुम्ही विचारलंत. थोडं होईल. दोन-तीन घरं काही महिने तुमच्याशी तुटक वागतील. एखादा कार्यक्रम खरोखरच बिघडेल, खुर्च्या मोडतील, आणि कोणीतरी म्हणेल, 'बघा, सांगितलं होतं.' त्या दिवशी जुनी नोंदवही काढा. कॉलनीतल्या कार्यक्रमांत मोडलेल्या खुर्च्याही त्यात कुठेतरी नोंदलेल्या असतीलच. नुकसान भरून घ्या, पावती द्या आणि पुढची तारीख लिहून घ्या, जशी आजवर सगळ्यांची घेतलीत तशी.

मावशींच्या लेकीचे दिवस भरत आले असतील. त्यांच्याकडे जाल तेव्हा नवी वही सोबत नेऊ नका. ती व्हरांड्यातल्या टेबलावर कुठल्या वारी, किती वाजता असते, तेवढं सांगून या. बारसं हॉलमध्ये करायचं की पुन्हा गल्लीतच, हे त्यांचं त्या ठरवतील. आल्या तर पेन पुढे करा.

तुमची,
ताई